पेवावरचा दगड

साखराबाईला नावं ठेवणारी माणसं वडगव्हाणात पुष्कळ होती, आणि तिनंही त्यांना काही कमी कारणं दिली नव्हती. कुणाच्या लग्नात हळद लावायला बोलावलं की तिचा गुडघा दुखायचा. डोहाळजेवणात ओटी भरायला सांगितलं की ती डोकं धरून बसायची. आणि तोच दुखरा गुडघा घेऊन दर अवसेला ती गढीखालच्या पटांगणात, बबनराव देशमुखाच्या पुतळ्यापाशी जायची. पुतळ्याच्या मागच्या बाजूला भाकरीचा तुकडा कुस्करून ठेवायची, कावळा उतरेपर्यंत थांबायची आणि परत यायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, सासऱ्याच्या नावानं ठेवते. सासऱ्याचा घास देशमुखाच्या पाठीमागं कशाला, हे पुढचं विचारायला कुणी धजत नसे, कारण बाईची जीभ चांगलीच तिखट होती.

कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात मनगट झाकेल इतक्या बांगड्या. नवरा टाकून गेलेल्या बाईनं एवढं मिरवू नये, असं पाणवठ्यावर बायका म्हणत. ती आली की गप्प होत, घागर भरून निघाली की पुन्हा सुरू होत. तिचा नवरा सटवा संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात इंग्रजांच्या मुलखात, नगरकडं, खडी फोडायच्या कामाला गेला आणि परत आलाच नाही, असं सगळं गाव धरून चाललं होतं. त्याच दिवशी गीताबाईचा नवरा बद्रीनाथही त्याच्याबरोबर गेला, असंही गाव धरून चाललं होतं. दोघी कुंकू लावून वाट पाहत होत्या. गीताबाई तर दिवेलागणीला दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसायची, थंडी असो की वारा.

साखराबाई मात्र कुणाची वाट पाहत नव्हती. सटवा कुठं आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. तो त्या पुतळ्याच्या खाली होता.

त्या साली आभाळानं तोंडच दाखवलं नव्हतं. माणसं निवडुंगाची बोंडं खात होती, उंबराच्या साली उकडून पीत होती, आणि देशमुखाच्या गढीखाली पेवांमध्ये जवारी भरलेली होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि पोट घराएवढं. तोंडावर शिळा ठेवून माती लिंपली की आत दाणा वर्षानुवर्षं राहतो, पण दाण्याबरोबर आत हवाही कोंडते, आणि ती हवा माणूस मारते. म्हणून पेव उघडलं की दिवसभर तसंच टाकायचं, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणसानं उतरायचं, विझला तर अजून थांबायचं. ही रीत तिकडच्या लहान पोरालाही सांगावी लागत नाही.

देशमुखाला ती ठाऊक नव्हती असं नाही. पण बीडहून सरकारी अमीन दडवलेलं धान्य मोजायला निघाल्याची खबर सकाळीच आली होती, आणि सगळ्यात मोठं पेव त्याला अमीन पोचायच्या आत रिकामं करून हवं होतं. गढीवर राबणाऱ्या सटव्याला त्यानं उतरायला सांगितलं. सटव्यानं पेवाच्या तोंडाशी उभं राहून विचारलं, "मालक, आधी दिवा सोडायचा न्हाई का?"

"आज काय दिवाळी हाय का?" देशमुख म्हणाला.

सटवा दोर धरून उतरला. खाली टेकल्याची हाक त्यानं दिलीच नाही. बद्रीनाथनं वरून दोनदा आवाज दिला आणि मग त्याला काढायला तोही उतरला. दोर ओढला तर नुसता दोर वर आला. साखराबाई तिथंच दाणे पाखडायला बसली होती. ती सूप टाकून धावली तेव्हा दोघा गड्यांनी तिला धरलं. कारभारी म्हणाला, आता जो उतरेल तो आतच राहील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं होतं. दिवसभर तोंड उघडं ठेवून निदान प्रेतं तरी काढता आली असती, पण नेकनूरच्या वाटेवर घोड्यांची धूळ दिसायला लागली होती. शिळा सरकवली, माती लोटली, वर भुसा पसरला. कारभाऱ्याचं आणि गड्यांचं तोंड देशमुखानं तिथंच बंद केलं.

अमीन आला. त्याला बाकीची पेवं उघडून दाखवली. त्यानं जवारी मोजून घेतली, पान खाल्लं, अशा काळात धान्य उघडं करणारा देशमुख आपण पाहिला नाही म्हणून तारीफ केली. आता तारीफ झाल्यावर देशमुखाला मागं फिरता येईना. दुसऱ्या दिवसापासून गढीच्या दारात कढया चढल्या, आंबील वाटणं सुरू झालं, आणि पाऊस पडेपर्यंत ते थांबलं नाही. अर्धं गाव त्या कढयांवर जगलं, हे कुणी नाकारू शकत नाही. ज्यानं दोन माणसं पुरली, त्यानंच दुसऱ्या दिवसापासून गाव जगवलं. याचा हिशेब देवालाच करू द्या, माणसाचं ते काम नाही.

अमीन येऊन गेला त्याच संध्याकाळी देशमुख स्वतः साखराबाईच्या दारात आला. मागं गड्याच्या डोक्यावर जवारीचं पोतं होतं.

"साखरे, सटवा नगरकडं कामाला गेला," तो म्हणाला. "तू असंच म्हण. दुसरं काही म्हणलीस तर अमीन मला घेऊन जाईल, पेवांना सरकारी कुलूप लागंल, अन् आधी तुझं पोरगं मरंल, मग गावातली बाकीची."

आत रामहरी पडला होता. चार वर्षांचं पोर, पोट फुगलेलं, डोळ्यांवर माशी बसली तरी हात हलत नव्हता. साखराबाई दारातून बाजूला झाली आणि गड्यानं पोतं आत आणून ठेवलं. दिवा लागायच्या आत ती जात्यावर बसली. त्या पिठाची भाकरी तिनं पोराला चारली आणि स्वतःही खाल्ली. तिला फार भूक लागली होती. नवरा पुरला गेल्याच्या दिवशी आपल्याला भूक लागली, आणि ती भाकरी गोड लागली, ही गोष्ट तिला पुढं जन्मभर सगळ्यात जास्त खुपली.

दुष्काळानंतर काही वर्षांनी देशमुख मेला. मरताना त्यानं आपल्या मुलाला, राधाकिशनरावाला, एवढंच बजावलं की ते मोठं पेव कधी उघडायचं नाही, त्याच्यावर माझा दगड बसव. राधाकिशनराव मुंबई पाहून आलेला होता. तिथं चौकाचौकात गोऱ्या साहेबांचे पुतळे त्यानं बघितले होते. साध्या दगडावर त्याचं समाधान होईना. त्यानं लांबून कारागीर आणले आणि बापाचा पुरुषभर पुतळा घडवला: डोक्याला पगडी, खांद्यावर शेला, पुढं केलेल्या हातात जवारीचं कणीस. कारागिरानं देशमुखाला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं नाक सरळ आलं, पोट आत गेलं आणि चेहऱ्यावर दया आली. खाली मराठीत आणि उर्दूत कोरलं, अन्नदाते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते वाचून दाखवायला कारभारी होताच.

साखराबाईला पहिल्यांदा वाटलं होतं की आपल्याला हे रोज बघवणार नाही. मग तिच्या लक्षात आलं, की हा दगड इथं नसता तर सटवा नक्की कुठं आहे हे पाचसहा पावसाळ्यांत तिलाही सांगता आलं नसतं. मेंढरं फिरली असती, गवत उगवलं असतं. नवऱ्याचं श्राद्ध घालता येत नव्हतं, कारण तो गावाच्या लेखी जिवंत होता. कुंकू पुसता येत नव्हतं. रडता येत नव्हतं. होता तो एवढा दगड, आणि त्याच्यावर तोंड त्याच माणसाचं होतं. ती पुतळ्याच्या पाठीमागून जायची, म्हणजे ते तोंड दिसायचं नाही.

होता होता दिवस पालटले. राधाकिशनराव वतनाच्या भांडणात हैदराबादेला जाऊन बसला तो तिकडचाच झाला. गढीच्या दाराला कुलूप लागलं, बुरुजाची माती ढासळली, पटांगणात शेरडं चरायला लागली. जे लोक देशमुख गल्लीतून जाताना जोडे हातात घेत, तेच आता पुतळ्याच्या बोटावर घोंगडी वाळत घालू लागले. आणि रामहरी मोठा झाला.

रामहरी बापावर गेला होता, तसाच उंच, तसाच मुद्द्याचं विचारणारा. लहानपणापासून त्यानं एकच ऐकलं होतं, की बाप नगरकडं गेलाय. आईला तो विचारायचा, बाप कसा होता. ती म्हणायची, तुझ्यासारखाच. दंडात चांदीचं कडं होतं, त्याला एका बाजूला पोचा पडला होता. एवढं एक त्याला आठवतही होतं. बाप कधीतरी परत येईल यावर त्याचा जो भरवसा होता, तो साखराबाईला पोटात सुरीसारखा लागायचा.

चावडीपुढं गाव जमलं ते त्याच्याच खटपटीनं. पुतळा पाडायचा, त्याचे दगड फोडून विहिरीच्या ढासळलेल्या पायऱ्या बांधायच्या, आणि खालचं पेवही उघडायचं. देशमुखानं मरताना ते उघडू नका म्हटलं म्हणजे आत चांदी असणार, असं साऱ्या गावाला वाटत होतं. मल्लिनाथ नावाचा लिंगायत वाणी तेवढा आडवा आला. त्याचं म्हणणं, देशमुख चांगला होता असं मी म्हणत नाही, पण आमचं घर त्याच्या कढईतली आंबील पिऊन जगलं, आणि म्हणून मी आज उभा आहे. मी त्या दगडावर पहार पडलेली बघू शकत नाही. एक म्हातारा म्हणाला, ठेवा की, पण रोज जाता-येता थुंकू, म्हणजे पोराबाळांना कळेल की हा कोण होता. यावर लोक हसले. कुणीतरी विचारलं की मेलेल्या माणसाचं थोबाड फोडून जिवंत माणसाचं काय भलं होणार. बराच वेळ असंच चाललं. अखेर रामहरी उठला.

"माझा बाप गाव सोडून गेला तो ह्याच्यामुळं," तो म्हणाला. "ह्याच्या पेवात जवारी सडत होती, अन् माझा बाप परमुलखात खडी फोडाया गेला. खाली लिहिलंय अन्नदाते. बाप परत आला, अन् त्यानं मला विचारलं, की तू एवढा मोठा झालास अन् हे तसंच ठेवलंस, तर मी काय सांगू?"

आमची बैलं घ्या, असं एक जण म्हणाला, दुसरा दोर देतो म्हणाला. परवा सकाळी पुतळा ओढून पाडायचा असं ठरलं.

साखराबाई बायकांत, भिंतीला टेकून ऐकत होती. पेव उघडलं की हाडं निघतील, आणि हाडांत ते पोचा पडलेलं कडं. रामहरी ते ओळखेल. मग तो विचारेल, माय, तवा तू कुठं होतीस? याला तिच्याजवळ उत्तर होतं. मला धरून ठेवलं होतं, असं तिला सांगता आलं असतं. पण त्याच्यानंतर तो विचारेल, मग त्या साली तू मला काय चारलंस? याला तिच्याजवळ उत्तर नव्हतं. सगळ्या गावाची पोरं मरत असताना आपण कुणाच्या जिवाच्या मोलानं जगलो, हे त्या पोराला कळायला नको होतं. ती एवढ्यासाठीच तर इतकी वर्षं गप्प बसली होती. घरी आल्यावर ती त्याला म्हणाली, राहू दे रे, दगडच तर हाय. तो म्हणाला, दगडच हाय, म्हणूनच काढतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव रानात असताना, ती मल्लिनाथाच्या दुकानात गेली आणि असेल तेवढा शेंदूर मागितला. बरोबर तेलही मागितलं. मल्लिनाथानं तिच्याकडं बघितलं, पुडा बांधला, आणि पैसे घेतले नाहीत. तिनं परातीत शेंदूर कालवला. पटांगणात चिटपाखरू नव्हतं.

शेंदूर लागला की दगड दगड राहत नाही. कुणी लावला, केव्हा लावला, हे आपल्याकडं कुणी विचारत नाही. बांधावरच्या धोंड्याला लागला तर शेतकरी औत वळवून घेतो, वाटेतल्या धोंड्याला लागला तर वाट वळते. हे साखराबाईला ठाऊक होतं, आणि याच्यापलीकडं तिच्या हातात दुसरं काही नव्हतं. तिनं पायापासून सुरुवात केली. शेला, छाती, पुढं केलेला हात. तोंडाशी आल्यावर तिचा हात थांबला. हेच तोंड तिच्या दारात आलं होतं. त्या गालांवरून बोटं फिरवताना तिनं डोळे मिटून घेतले आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत सगळं माखून काढलं. पुढं नारळ फोडला. मग एक दिवा लावला. त्या पेवात त्या दिवशी जो दिवा सोडायचा राहिला होता, तो तिनं आता वर लावला.

संध्याकाळी माणसं रानातून परतली ती पटांगणात येऊन थबकली. उतरत्या उन्हात पुतळा लालभडक पेटल्यासारखा दिसत होता. पहिल्यांदा एकानं पायताणं काढली, मग सगळ्यांनीच. ज्यानं बैलं द्यायचं कबूल केलं होतं त्यानं लांबूनच हात जोडले आणि बैलं घराकडं वळवली. रामहरीला कुणीतरी निरोप दिला, तो पहार घेऊनच आला. हा देशमुख आहे, देव नाही, कुणीतरी लबाडी केलीय, असं तो सांगत राहिला. त्यानं पहार उचलली तेव्हा चौघांनी त्याचा हात धरला. त्यातला एक काल दोर देणारा होता.

मग त्याला आई दिसली. ती पुतळ्याच्या पाठीमागं, नेहमीच्या जागी बसली होती. शेंदूर तेलात कालवला की धुऊन जात नाही. तिचे हात मनगटापर्यंत लाल होते.

रामहरीनं त्या हातांकडं बघितलं. "कावून केलंस, माय?" तो म्हणाला.

साखराबाईनं तोंड उघडलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर निदान पोर राहिलं असतं, असं तिला पुढं हजारदा वाटलं. पण गर्दीत पुढंच गीताबाई उभी होती, तोंडावर पदर धरून, कपाळाला कुंकू. हिला काय सांगायचं? साखराबाईनं तोंड मिटलं.

"ह्यानं माझ्या बापाला घालवलं," रामहरी म्हणाला, "अन् तू ह्याला देव केलंस. लोक म्हणत होते ते खरं होतं म्हणायचं." लोक काय म्हणत होते ते तिला माहीत होतं. देशमुख त्या दुष्काळात साखरीच्या दारात पोतं घेऊन कशाला गेला होता, याची गावानं आपल्या मनानं एक चोरट्या संबंधाची गोष्ट रचलेली होती, आणि ती गोष्ट सोसायला खऱ्याहून हलकी होती. साखराबाईनं तीही खोडून काढली नाही.

सकाळी रामहरी घोंगडी खांद्यावर टाकून गेला. सिरसाळ्याच्या बाजारात पोती उचलायचं काम करतोय, असं पुढं कळलं. तिनं दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं नाही.

इकडं दगडाचा देव होऊन बसला. कपिलधारच्या यात्रेला जाणारी माणसं वाट वाकडी करून वडगव्हाणात यायला लागली. पेवोबा असं त्याला कुणी नाव दिलं कोण जाणे. हरवलेलं जनावर सापडतं, गेलेलं माणूस परत येतं, अशी ख्याती झाली. म्हणायचं कारण एवढंच, की नवरा परागंदा झालेली एक बाई तिथं दर अवसेला नेमानं येते असं लोकांनी बघितलं होतं. आल्यागेल्यानं शेंदूर थापला. आधी अक्षरं बुजली, मग कणीस बुजलं, मग डोळे बुजले. दोन वर्षांत देशमुखाचं नाकही राहिलं नाही. पाडायला निघालेल्यांना जे जमलं नसतं ते शेंदरानं केलं, पण आता तो दगड हलवायची छाती कुणाला उरली नव्हती.

मग मानमोडीची साथ आली. ताप भरायचा, मान लुळी पडायची आणि माणूस आटपायचं. गावोगावी सरणाला लाकडं पुरेनात. सिरसाळ्याकडून आलेल्या गाडीवाल्यानं सांगितलं की रामहरी अंथरुणाला खिळलाय. साखराबाई त्याच गाडीत बसून निघाली. वाटभर ती मनाशी एकच जुळवत होती, की कसं सांगायचं. आधी दिव्याचं सांगावं, मग दोराचं. जवारीचं शेवटी सांगावं. तो रागावला तर रागावू दे, हाकलून दिलं तर देऊ दे, पण कळल्यावर हाकलू दे. वाटेत ते शब्द तिनं इतक्यांदा म्हटले, की गाडीवान मागं वळून बघायला लागला.

ती पोचली तेव्हा त्याला जाळून झालं होतं. त्याच्याबरोबर पोती उचलणाऱ्या आश्रुबानं त्याची घोंगडी आणि मुंडासं तिच्या हातात दिलं. चांगला होता म्हणाला तो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त एक खोड होती.

"नगरकडची गाडी आली की काम टाकून जायचा," आश्रुबा म्हणाला. "गाडीवाल्याला विचारायचा, तिकडं सटवा नावाचा माणूस बघितला का, दंडात पोचा पडलेलं कडं हाय. आमी हसायचो त्याला. तापातबी त्येच विचारत होता."

साखराबाईनं मुंडासं मांडीवर ठेवलं आणि ती तशीच बसून राहिली. वाटेत जुळवलेलं सगळं तिच्या तोंडात होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

परतल्यावर पहिल्या अवसेला ती पटांगणात गेली. मागच्या बाजूला भाकरी कुस्करली. या वेळी दोन तुकडे होते. मागं पावलं वाजली म्हणून तिनं पाहिलं तर गीताबाई. गीताबाई शेजारी येऊन बसली. रामहरीबद्दल दोन शब्द बोलली. साखराबाईच्या मनात आलं की आता कुणापासून लपवायचं? ज्याला कळू नये म्हणून एवढा आटापिटा केला तोच राहिला नाही.

"गीता, आता दार लावत जा," ती म्हणाली. "बद्रीनाथ यायचा न्हाई. तो अन् रामहरीचा बाप, दोघं हितं खाली हायेत. त्या दिवशी मी हितंच होते. देशमुखानं मला जवारी दिलती, मी गप बसले."

गीताबाई दचकली नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी गढीच्या माळवदावर गवऱ्या आणाया गेलते. वरून समदं दिसलं. मलाबी मागल्या दारानं देशमुखीणबाईनं जवारी दिलती. लई दिली."

साखराबाईला तिच्याकडं बघवेना. "मग दार कावून उघडं ठेवतीस?"

"तू कुंकू लावत होतीस," गीताबाई म्हणाली. "मला वाटलं, मीबी बघितलंय हे तुला कळू नये. मी कुंकू पुसलं असतं तर लोकांनी तुलाबी विचारलं असतं."

म्हणजे शेंदूर फासला त्या संध्याकाळी, गर्दीत पुढं जी कुंकू लावून उभी होती, तिच्यासाठी गप्प बसायची काही गरज नव्हती. साखराबाई हे समजून घेत बसली. रडू आलं नाही. थोड्या वेळानं तिनं पदराचं टोक घेऊन आपलं कपाळ पुसलं, आणि मग तेच टोक गीताबाईपुढं केलं. गीताबाईनंही पुसलं. दोघींच्या कपाळांवर कुंकवाच्या जागी फिकट डाग तेवढे राहिले.

तेवढ्यात पुढच्या बाजूनं एक कोवळी पोर आली. बांगड्या नव्या, हातात निवद झाकलेली पाटी, पाय धुळीनं भरलेले. नेकनूरकडून चालत आले म्हणाली. धनी मुंबईला गिरणीत गेलाय आणि मानमोडी सुरू झाल्यापासून त्याची खबर नाही. या देवाला काय चालतं, गोड की तिखट, असं तिनं दोघींना विचारलं.

"हा देव न्हाई, बाई," साखराबाई म्हणाली. "हा एक देशमुख होता. त्यानं दोन माणसं पेवात मारली अन् त्यांच्यावर हा दगड बसवाया लावला. शेंदूर मी फासला, माझ्या ह्या हातानं. खाली त्यांची हाडं हायेत. एक बद्रीनाथ. एक सटवा." नवऱ्याचं नाव तिनं जन्मात पहिल्यांदा तोंडानं घेतलं होतं.

पोरीनं नीट ऐकून घेतलं. ती थोडी घाबरली, पण मागं सरली नाही. "मेलेल्या माणसांचाच तर देव होतो, मावशी," ती म्हणाली. तिनं पाटी खाली ठेवली, फडकं काढलं, आणि लाल दगडावर कपाळ टेकलं. सटवादेवा, बद्रीनाथदेवा, माझ्या धन्याला घरी आणा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दोघी ऐकत होत्या. ती उठली तेव्हा तिच्या कपाळभर शेंदूर लागलेला होता.

"कवा येतील?" तिनं विचारलं.

गीताबाईनं साखराबाईकडं पाहिलं, मग त्या पोरीकडं.

"दार उघडं ठेवत जा," गीताबाई म्हणाली.